वाचक विचारतात : कॅलरीचा हिशेब रोजचा की आठवड्याचा?

गेल्या अंकात घरच्या जेवणातल्या कॅलरी कशा मोजायच्या ते लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून आला आहे : रोजचा आकडा रोज काही जुळत नाही, मग आठवड्याचा मिळून धरला तर चालेल का? या वेळचं सगळं सदर त्याच प्रश्नाला देते आहे. उत्तर सगळ्यांना सारखं नाही, म्हणून कृपया दुसऱ्याला दिलेलं उत्तर स्वतःला लावून घेऊ नका. विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी आधी तिसरं पत्र वाचावं.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी कराडला पतसंस्थेत कॅशियर आहे. वय ४१, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. दिवसभर बसून काम. मोबाईलवरच्या ॲपने मला रोजच्या १,४०० कॅलरी ठरवून दिल्या आहेत. सोमवार ते शुक्रवार मी त्या काटेकोर पाळते. शनिवारी रात्री मुलांना बाहेर जेवायचं असतं आणि रविवारी आमच्याकडे मटण असतंच. त्या दोन दिवशी ॲप लाल होतं. सोमवारी सकाळी काट्यावर दीड किलो वाढलेलं दिसतं, की पुढचे दोन-तीन दिवस मी सगळंच सोडून देते. आमच्या कामात संध्याकाळी रोजकीर्द जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे एक दिवस चुकला तरी मला चैन पडत नाही. सात दिवसांचा हिशेब एकत्र धरला तर चालतं का? मिस्टर म्हणतात, ही नुसती पळवाट आहे.
— एक वाचक, कराड

उत्तर : चालतं. तुम्ही मला दवाखान्यात भेटला असतात तर मीच तुम्हाला हे सुचवलं असतं. पळवाट तर मुळीच नाही, मिस्टरांनाही हे वाचायला द्या.

तुमची रोजकीर्द रोज संध्याकाळी जुळते, शरीराची तशी जुळत नाही. १९५५ साली ब्रिटनमध्ये एडहोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ लष्करी कॅडेट्सचा १४ दिवसांचा जमाखर्च मांडला. कोणी किती खाल्लं आणि कोणाची किती शक्ती खर्च झाली, हे दोन्ही बारकाईने मोजलं. ज्या दिवशी कवायत जास्त त्या दिवशी खाणं जास्त, असा मेळ त्यांना कुठेच दिसला नाही. पण दोन आठवड्यांची सरासरी काढली, तर खाणं आणि खर्च चांगले जवळ आले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने माणसाच्या ऊर्जेच्या गरजेवर तज्ज्ञांची बैठक २००१ मध्ये रोममध्ये घेतली. तिच्या अहवालातही हे साफ लिहिलं आहे की गरज ‘दर दिवशी’ म्हणून सांगतात ती सोयीसाठी. तेवढंच रोजच्या रोज खाल्लं पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीसमोर १,६६० कॅलरी असा आकडा आहे. तोही असाच सरासरीचा आहे. मध्यरात्री बाराला कोरी पाटी होते, ही समजूत ॲपने रुजवली आहे.

आता तुमचे आकडे. तुमचं वय, उंची, वजन आणि बैठं काम धरून तुमचा रोजचा खर्च ढोबळमानाने १,८०० कॅलरी येतो, म्हणजे आठवड्याला १२,६००. वजन उतरवायचं म्हणून मी तुम्हाला आठवड्याला १०,००० देते. सोमवार ते शुक्रवार रोज १,३००, ते झाले ६,५००. शनिवारी १,६००, रविवारी १,९००. बेरीज करून पाहा, बरोबर दहा हजार. ॲपने दिलेलं १,४०० सात वेळा धरलं तरी ९,८०० होतात. म्हणजे तुमचं शनिवार-रविवारचं जेवण बसवायला फार काही सोडावं लागलेलं नाही.

मात्र दोन गोष्टी आठवड्यावर ढकलता येत नाहीत. पहिली म्हणजे प्रथिनं. चरबी शरीर साठवून ठेवतं, प्रथिनांचा तसा साठा होत नाही. रविवारी मटण भरपूर खाल्लं म्हणून मंगळवारी नुसत्या पोळी-भाजीवर भागत नाही. तुम्हाला रोज ५५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. दुसरी म्हणजे खालची मर्यादा. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणत्याही दिवशी १,२०० च्या खाली जायचं नाही, रविवारी लग्नाची पंगत असली तरी नाही. उपाशी राहून जमवलेल्या कॅलरी शनिवारी रात्री हॉटेलच्या टेबलावर दुप्पट होऊन परत येतात. भुकेने कासावीस होऊन बसलेलं माणूस मेनूकार्ड शांतपणे वाचूच शकत नाही.

१,३०० म्हणजे किती थोडं, असं वाटत असेल तर तुमचा एक साधा दिवस मांडते. सकाळी दोन अंडी एक चहाचा चमचा तेलात. डब्यात ६० ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या, ३० ग्रॅम डाळीचं वरण, त्यावर एक चमचा तूप, आणि पालेभाजी किंवा फळभाजी. चार वाजता मूठभर फुटाणे, साधारण ३० ग्रॅम. वाटीभर दही. रात्री ४० ग्रॅम मटकीची उसळ आणि ५० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी. काकडी-टोमॅटो हवे तेवढे. दिवसात कमी साखरेचा दोन वेळा चहा. हे सगळं १,३०० च्या जवळपास बसतं आणि प्रथिनंही ५५ ग्रॅमच्या आगेमागे येतात. वजनं कोरड्या धान्याची आहेत, शिजलेल्या पदार्थाची नाहीत. वाटीच्या मापावर तर बिलकूल जाऊ नका. माझ्याकडे येणाऱ्यांना मी घरची वाटी आणि पळी सोबत आणायला सांगते. कोणाची वाटी शंभर मिलिलिटरची निघते, कोणाची दोनशेची, आणि दोघीही ‘एक वाटी भात’ असंच सांगत असतात.

आता रविवारच्या मटणाकडे जरा जवळून पाहू, कारण ॲपमध्ये तुम्ही ‘मटण करी, एक बाऊल’ एवढंच टाकत असणार. पाच माणसांना पाऊण किलो मटण आणलंत. फोडणीला आणि वाटण परतायला मिळून सहा मोठे चमचे तेल गेलं. पंधरा मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी, म्हणजे ७२० झाल्या. भाजलेलं सुकं खोबरं ६० ग्रॅम, त्याच्या ४०० च्या आसपास. नुसतं तेल आणि खोबरं मिळून ११२० आणि वाटणी सारखी झाली तर माणशी सव्वादोनशे. पण वाटणी सारखी होत नाही! तेल वर तरंगतं, त्यामुळे आधी ज्याला वाढलं जातं त्याच्या ताटात तर्री जाते. तुम्ही तर्रीची पळी बाजूला सारून खालचा रस्सा घेतलात तर त्यातल्या शंभरेक कॅलरी सहज वाचतात आणि चवीत फारसा फरक पडत नाही, कारण मसाला खालच्या रश्शातही आहेच. तुमच्या वाट्याच्या फोडींच्या दोनशेच्या जवळपास धरा. दोन भाकऱ्यांच्या ३४०, चार घास भाताच्या शंभर. दुपारचं जेवण साधारण ८७० चं झालं. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे ३२५, दोन चहा, रात्री मुगाची खिचडी ३५०, आणि जेवणावर एखादा गुलाबजाम. दिवस १,९०० च्या आत राहतो. हे जेवण तुम्ही मान ताठ ठेवून जेवायचं आहे. ज्या जेवणासाठी जागा काढून ठेवली ते खाताना अपराधी वाटायचं काही कारण नाही.

सोमवारी सकाळच्या दीड किलोबद्दल. ती चरबी नाही. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. एवढ्या कॅलरी गरजेच्या वर रविवारी पोटात जाणं मटणाच्या जेवणाने शक्य नाही. झालं असं की भात, पाव, भाकरी जास्त गेली, ती स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजन म्हणून साठली. एक ग्रॅम ग्लायकोजन स्वतःसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. रश्शातल्या, हॉटेलातल्या मिठानेही पाणी धरलं. आणि बरंचसं अन्न अजून आतड्यातच आहे. बुधवार-गुरुवारपर्यंत हे पाणी निघून जातं. म्हणून सोमवारी काट्यावर उभं राहू नका. गुरुवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि गुरुवारची तुलना गुरुवारशीच करा. पाळीच्या आधी पाण्यामुळे वजन थोडं जास्त दिसतं, ते सोडून द्या.

ॲप लाल होतं म्हणून तुम्ही खचता, तर महिनाभर ॲप बाजूला ठेवलंत तरी चालेल. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर असेलच, दुधाचे खाडे ज्याच्यावर लिहितो ते. त्याच चौकोनात दिवसाचा आकडा लिहा आणि आठवड्याच्या शेवटी बेरीज. माझ्याकडच्या अनेक बायका असंच करतात. सगळे चौकोन एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे १,९०० च्या शेजारचे १,३०० दिसतात आणि एका चौकोनाची धास्ती कमी होते.

वजन किती उतरेल? आठवड्याला २,६०० ची तूट, म्हणजे कागदावर आठवड्याला किलोचा तिसरा भाग, महिन्याला सव्वा ते दीड किलो. हे सुरुवातीचं. वजन कमी झालं की शरीराचा खर्चही कमी होतो, त्यामुळे चार-सहा महिन्यांनी हाच दहा हजारांचा आकडा तेवढं काम करणार नाही. त्या वेळी निराश होऊ नका, आकडा नव्याने काढायचा. आणि रोज अर्धा तास चाललात तर त्या कॅलरी खाण्यात मिळवू नका. घड्याळावर दिसणारे आकडे बऱ्याचदा फुगलेले असतात.

प्रश्न : मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. वय ३४, वजन ८४. आठवड्याचं बजेट ही कल्पना मी सहा महिने पाळतोय. सोमवार ते शुक्रवार कडक १,५०० कॅलरी, वीकेंडला मोजत नाही. वजन जागचं हललेलं नाही. माझा मेटाबॉलिझम बिघडला आहे का? थायरॉइड नॉर्मल आहे. शनिवार-रविवारी काय खाल्लं त्याची यादी जोडली आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : मेटाबॉलिझम ठीक आहे. तुमची यादी जोडली ते फार चांगलं केलंत, उत्तर त्यातच आहे.

शनिवार : चार पावांसह मिसळ, दुपारी बिर्याणीची पूर्ण प्लेट, संध्याकाळी आइस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी, रात्री ६५० मिलिलिटरच्या दोन बीअर, तळलेले शेंगदाणे, चिकन क्रिस्पी, दोन बटर नान आणि ग्रेव्ही. हात राखून जोडलं तरी ३,९०० होतात. साध्या बीअरची एक बाटलीच अडीचशेच्या पुढे जाते, कारण मद्यार्काच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी, जवळजवळ तेलाच्या तोडीच्या. रविवारचीही यादी त्याच वजनाची आहे. तुमचा रोजचा खर्च २,२०० धरू. पाच दिवसांत तुम्ही रोज ७०० वाचवता, एकूण ३,५००. दोन दिवसांत रोज १,७०० जास्त जातात, एकूण ३,४००. उरले शंभर. सहा महिने काटा का हलला नाही, ते हे असं.

तुमच्या एकट्याचं असं होत नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वर्षभर आहार कमी करणाऱ्या माणसांचं वजन रोज नोंदवलं गेलं. २००८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याच्या मधल्या दिवसांत त्यांचं वजन उतरत होतं आणि शनिवार-रविवारी ते उतरणं थांबत होतं.

आठवड्याचं बजेट म्हणजे सातही दिवस मोजायचे. तुम्ही पाच मोजताय. शिवाय पाच दिवस इतके कडक आहेत की शुक्रवारी रात्री बांध फुटणारच. माझा सल्ला कदाचित उलटा वाटेल : सोमवार ते शुक्रवार रोज दोनशे कॅलरी जास्त खा. दुपारच्या डब्यात एक पोळी वाढवा, चार वाजता उकडलेलं अंडं किंवा मूठभर फुटाणे. १,७०० प्रमाणे पाच दिवसांचे ८,५००. शनिवार आणि रविवार प्रत्येकी २,३००, त्यांचे ४,६००. एकूण १३,१००, आणि खर्च १५,४००. वजन उतरायला लागेल. २,३०० मध्ये मिसळ बसते, बिर्याणीही बसते, पण एकाच दिवशी नाही. बीअरला मी जागा काढून देणार नाही. ती जेवणाची जागा खाते, पोषण काहीच देत नाही, आणि तिच्यासोबत येणारे तळलेले शेंगदाणे ५० ग्रॅम गेले तरी तीनशे कॅलरी होतात.

आठवड्यातले दोन दिवस खूप कमी आणि पाच दिवस साधं जेवण, असाही एक मार्ग आहे. मँचेस्टरला १०७ स्त्रियांवर सहा महिने तो करून पाहिला, २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. रोज थोडं थोडं कमी खाणाऱ्यांचं आणि दोनच दिवस फार कमी खाणाऱ्यांचं वजन जवळजवळ सारखंच उतरलं. म्हणजे तूट कोणत्या वारी केली याने फारसं बिघडत नाही, तूट खरी असली पाहिजे. पण त्या स्त्रियांचे उरलेले पाच दिवस मोकाट सोडलेले नव्हते, हे लक्षात घ्या.

प्रश्न : माझं वय ६२. अकरा वर्षांपासून मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. चातुर्मासात माझे सोमवार, गुरुवार आणि एकादशीचे उपास असतात. सूनबाईंनी मोबाईलवर वाचलं की आठवड्याच्या कॅलरी एकत्र धरायच्या, तेव्हा उपासाच्या दिवशी कमी आणि दुसऱ्या दिवशी भरून काढायचं. वजनही उतरेल म्हणते. करू का?
— एक आजी, वाई

उत्तर : नका करू, आजी. सूनबाईंनी काळजीपोटीच सांगितलं आहे, पण तुम्हाला हा हिशेब लागू नाही.

तुमची ग्लिमेपिराइडची गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही हे तिला कळत नाही. सकाळी गोळी घेतली आणि दुपारपर्यंत काही खाल्लं नाही, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. अंगाला दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ, असं काही झालं तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा, आणि मग काहीतरी खा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. इन्शुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आणि दुसऱ्या दिवशी ‘भरून काढलं’ की साखर उलट्या बाजूला, वर उसळते. तुमच्यासारख्यांसाठी दिवसच काय, प्रत्येक जेवणातला पिष्टाचा वाटा रोज सारखा असणं महत्त्वाचं.

शिवाय उपासाचा दिवस कमी कॅलरीचा असतो, हे तरी कुठे खरं आहे? ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांनी काही उगाच म्हटलं नाही. एका बशीतली साबुदाणा खिचडी धरा : ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, त्याच्या २६० कॅलरी, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, १७०, दोन चमचे तूप, ९०, थोडा बटाटा, ४०. साडेपाचशेच्या पुढे गेलं, प्रथिनं आठ-नऊ ग्रॅम आणि तीही दाण्यांची. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, साखर भराभर वाढवतो.

तुमची श्रद्धा मोडावी असं मी म्हणणार नाही. आषाढी एकादशीच्या आधीच तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि उपासाच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची ते लिहून घ्या. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, कमी करू नका. उपासाला राजगिऱ्याची भाकरी, ताक, दही, दूध, घरी चालत असेल तर काकडीची कोशिंबीर, आणि तेही तीन-चार वेळा थोडं थोडं. तीन वारांऐवजी एकच ठेवता आला तर मला जास्त बरं वाटेल. वजनाचं नंतर पाहू. तुमच्यासाठी ते रोज तेवढंच, वेळेवर, आणि ताटात भात-भाकरी थोडी कमी, डाळ-भाजी थोडी जास्त, असंच उतरवायचं.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक खाता यावा म्हणून आधीचे चार दिवस रात्री जेवत नाही, ‘कॅलरी सेव्ह करतेय’ म्हणते. तशी ती जाड नाही. ओरडावं की दुर्लक्ष करावं?
— एक आई, नागपूर

उत्तर : दोन्ही नको. आठवड्याचं बजेट हे मोठ्यांसाठी आहे. अठराच्या आतल्या मुलांनी कॅलरी मोजूच नयेत, आठवड्याच्या नाहीत आणि रोजच्याही नाहीत. या वयात हाडं भरत असतात, पाळी स्थिरावत असते.

तिला एकटीला जवळ घेऊन विचारा, पण जेवणाच्या टेबलावर नाही. तिच्या शरीराबद्दल घरात कोणी काही बोलतं का, तेही पाहा. नातेवाइकांच्या ‘जरा भरलीय’ अशा एका वाक्याने सुरू झालेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. घरातला वजनकाटा कपाटात ठेवून द्या. रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि ताटावर चर्चा करायची नाही. जेवणं चुकवणं वाढलं, जेवल्यावर लगेच बराच वेळ बाथरूममध्ये जाणं, पाळी चुकणं, केस गळणं, चक्कर, लपूनछपून खाणं, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि मानसोपचारतज्ज्ञांचीही भेट घ्या. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं, आणि तुम्ही आई म्हणूनही फोन करू शकता. पूर्वी कधी खाण्याचा असा त्रास झालेल्या मोठ्या माणसांनीही कॅलरीच्या कुठल्याच हिशेबात पडू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन उतरवण्याचा विचार सध्या बाजूला ठेवावा.

प्रश्न : आठवडा कुठल्या वारापासून मोजायचा? सोमवारपासून सुरू केलं की रविवारी शिल्लक उरतच नाही.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : गुरुवारपासून. सोमवारपासून धरलं की मोठा दिवस शेवटी येतो आणि तोवर शिल्लक कुठेतरी निसटलेली असते. शनिवारपासून धरलं की मोठा दिवस आधीच होऊन जातो आणि पुढचे पाच दिवस शिक्षा भोगल्यासारखे जातात, ते तर त्याहून वाईट. गुरुवार ते बुधवार धरलं की रविवार बरोबर मध्ये येतो. आधीच्या दोन दिवसांत थोडं वाचवायचं, नंतरच्या तीन दिवसांत थोडं, आणि गुरुवारी सकाळी वजन करून नवं पान. तुमचा मासळीचा वार बुधवार असेल तर शनिवारी सुरू करा, म्हणजे बुधवार पाचवा दिवस येईल आणि नंतर दोन दिवस हातात राहतील. गणपतीत आणि दिवाळीत मात्र आठवडा धरूच नका, महिना धरा. त्या दिवसांत वजन आहे तेवढंच राहिलं तरी भरपूर झालं.